मदत हवी आहे : ड्रायव्हरलेस कार्टच्या चाचणीसाठी रिस्क असेसमेंटचा फॉरमॅट (अर्जंट)

अर्धवट_अभियंता, सांगली
फायनल इयर मेकॅनिकल. जुन्या गोल्फ कार्टवर लायडार (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर), कॅमेरा आणि आरओएस २ (रोबोटसाठीचं सॉफ्टवेअर) बसवून ती ड्रायव्हरशिवाय चालवायचा प्रोजेक्ट आहे. सिम्युलेशनमध्ये मस्त पळते. पण एचओडी म्हणतात, रिस्क असेसमेंट (कुठला धोका, किती मोठा, उपाय काय याचा तक्ता) आणा, मगच सही. सोमवारी रिव्ह्यू आहे. कुणाकडे तयार फॉरमॅट असेल तर टाका. फक्त फॉरमॅट, उपदेश नको.

वायरमन_मिरज
फॉरमॅट देतो. आधी सांग, वेग किती? चालवणार कुठं? इमर्जन्सी स्टॉप कसला बसवलायस?

अर्धवट_अभियंता
वेग काही जास्त नाही. कॅम्पसमध्येच चालवणार. स्टॉप आहे, लॅपटॉपचा स्पेसबार दाबला की थांबते.

वायरमन_मिरज
आणि लॅपटॉपच हँग झाला तर? कुपवाड एमआयडीसीत मशिनी दुरुस्त करण्यात हयात गेली माझी, म्हणून सांगतो. लाल मशरूम बटण घे, एनसी कॉन्टॅक्टचं (एरवी जोडलेलं, दाबलं की तुटणारं), आणि ते थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) कॉइलला सिरीजमध्ये जोड. मधे सॉफ्टवेअर नको. एनसी अशासाठी की वायर तुटली तरी गाडी थांबतीय. रिमोटचंही तेच, सिग्नल गेला की थांबायला पाहिजे. आणि नुसता मोटरचा करंट तोडून भागत नाही, उतारावर गाडी घरंगळती. स्प्रिंगनं लागणारा आणि करंट दिल्यावर सुटणारा ब्रेक बघ.

कृष्णाकाठ
कशाला हे उद्योग? गळीत हंगामात रात्री माधवनगर रोडला या. दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागं दिवा नाही. तिथं माणसाला दिसत नाही, तुमच्या लायडारला काय दिसणार?

रोबोभाऊ_सातारा
काका, लायडारला अंधाराचं काही नसतं, तो स्वतःचा लेझर सोडतो. @अर्धवट, मोठी कार्ट सोडून दे. एफवनटेन्थ बघ, दहाव्या हिश्शाची रेसिंग कार, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झालेली. जगभरची कॉलेजं त्यावरच शिकवतात. आदळली तर बंपर जातो, कुणाचा पाय जात नाही.

वायरमन_मिरज
खेळण्यातल्या गाडीवर ब्रेक काय कळणार? वजनाची गाडी थांबवणं हेच तर शिकायचं असतंय.

रोबोभाऊ_सातारा
ब्रेक नंतर शिकेल की. आधी कोड तरी खऱ्या जगात चालू दे.

पेन्शनर_सर
दोघेही वेगाचं उत्तर न घेताच भांडताय. बाळ, जास्तीत जास्त वेग किती?

अर्धवट_अभियंता
सर, १५ किमी.

पेन्शनर_सर
म्हणजे सेकंदाला सव्वाचार मीटरच्या आसपास. सिस्टिमला कळून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धर, ब्रेक बेताचे धर (३ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे दर सेकंदाला वेग ३ मीटर प्रतिसेकंदानं कमी). थांबायला ७ मीटर लागतील. वेग ६ वर बांधलास तर जेमतेम २ मीटर. हा हिशेब पहिल्या पानावर दे, अर्धे प्रश्न तिथंच मिटतील. आणि टेंपीचा अपघात वाच. मार्च २०१८, अॅरिझोना, उबरची ड्रायव्हरलेस चाचणीची गाडी, मूळ व्होल्वोची. सायकल हातात घेऊन रस्ता ओलांडणारी बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी सेन्सरला दिसली होती. पण सॉफ्टवेअर तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर' ठरवत बसलं. व्होल्वोचा मूळचा ऑटोमॅटिक ब्रेक त्या वेळी बंद ठेवलेला होता आणि सीटवरची ऑपरेटर मोबाइल बघत होती. रस्ता ओलांडणारी ती बाई दगावली. तुमच्या कार्टवर नजर ठेवायला कोण बसणार, ते लिहिलंयस का?

अर्धवट_अभियंता
आळीपाळीने बसू. सर, फॉरमॅट?

भडंगप्रेमी
विषय निघालाच आहे तर, माझ्या भाच्याला कॉम्प्युटरला घालावं की मेकॅनिकलला?

वकील_विश्रामबाग
वेगळा धागा काढा. @अर्धवट, मार्ग कुठून कुठपर्यंत आहे?

अर्धवट_अभियंता
हॉस्टेल ते वर्कशॉप. मधे एक रस्ता ओलांडायचा, तोही कॉलेजचाच.

वकील_विश्रामबाग
त्याला गेट आहे?

अर्धवट_अभियंता
गेट नाही. पलीकडच्या कॉलनीतले लोक जातात, दूधवाले, क्लासची पोरं. पण जागा कॉलेजची आहे, सातबारा कॉलेजच्या नावावर.

वकील_विश्रामबाग
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम २(२८) बघ. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास गाडी 'मोटार वाहन' धरत नाहीत. तो रस्ता ओलांडलास की 'बंदिस्त आवार' म्हणणं अवघड. सार्वजनिक जागा ठरवताना लोकांना तिथं जायचा हक्क आहे का ते बघतात, सातबारा नाही. २०१९ च्या दुरुस्तीत संशोधनासाठी सूट द्यायची तरतूद आली, कलम २बी, पण ती सूट केंद्र सरकार देतं. एचओडींच्या सहीनं काही होत नाही.

कृष्णाकाठ
मी तेच म्हणत होतो.

रोबोभाऊ_सातारा
तुम्ही ऊस म्हणत होता.

वायरमन_मिरज
घे फॉरमॅट. आडवे रकाने : धोका, कारण, परिणाम किती गंभीर, किती वेळा घडेल, आधी कळायची शक्यता, उपाय, जबाबदार कोण. मधल्या तिन्हीला १ ते १० गुण दे आणि गुणाकार कर. कारखान्यात याला एफएमईए (फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स अॅनालिसिस) म्हणतात. ध्यानात ठेव, आधी कळणं जितकं अवघड तितके गुण जास्त, पोरं हे उलटं भरतात. आणि गंभीरता ९ किंवा १० असली तर गुणाकार कितीही लहान येऊ दे, उपाय लिहायचाच.

अर्धवट_अभियंता
थँक्यू काका. रस्ता वगळतो. वर्कशॉपमागच्या ग्राउंडला दोरी बांधून ६ किमीवर चालवायची परवानगी मागतो. मशरूम बटण आणि कॉन्टॅक्टर सांगलीत मिळेल ना?

वायरमन_मिरज
बटण कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतंय. कॉन्टॅक्टर मात्र डीसीचा माग, बॅटरीच्या व्होल्टेजचा. दुकानदार एसीचा गळ्यात मारंल. एसीच्यानं डीसीचा आर्क (कॉन्टॅक्ट सुटताना पडणारी ठिणगी) नीट विझत नाही, कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. मग बटण दाबून ठेवलंस तरी गाडी चालूच.