अक्षर मोठं करा, पान नको

संगणकावर संकेतस्थळं वाचताना अक्षर मोठं करायला कंट्रोल आणि प्लस दाबलं की सगळं पानच फुगतं आणि ओळ वाचायला आडवं सरकावं लागतं. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यावर चांगला उपाय आहे. सेटिंग्जमध्ये 'झूम टेक्स्ट ओन्ली'वर खूण करा. मग चित्रं, चौकटी आहेत तेवढ्याच राहतात, फक्त अक्षर वाढतं.

पण मराठी वाचणाऱ्यांनी त्याहून महत्त्वाचं एक काम करावं. तिथेच फॉन्टच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन लिपी 'देवनागरी' निवडा आणि किमान आकार १८ ठेवा. इंग्रजीसाठी बेतलेला १३-१४चा आकार आपल्याला पुरत नाही, कारण त्याच उंचीत वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकारही बसवायचा असतो. माझ्या आईला 'विद्वान'मधला द्व आणि 'युद्ध'मधला द्ध सारखेच दिसायचे, ती अंदाजाने वाचायची. आकार वाढवून 'मुक्त' नावाचा फॉन्ट लावला आणि ती पुन्हा रोज अग्रलेख वाचायला लागली. मला त्याचं फार समाधान आहे.

क्रोममध्येही 'अपिअरन्स'खाली 'कस्टमाइझ फॉन्ट्स'मध्ये किमान आकार ठरवता येतो.

संकेतस्थळांना स्वतःचे फॉन्ट वापरायला बंदी करणारा पर्याय मात्र जपून वापरा. त्याने बऱ्याच ठिकाणी बटणांवरची चिन्हं जाऊन रिकामे चौकोन उरतात. फिकट करड्या अक्षरांचा त्रास असेल तर फायरफॉक्सचा रीडर व्ह्यू, म्हणजे फक्त मजकूर साधेपणाने दाखवणारं पान, बघा, विंडोजवर एफ९ दाबलं की उघडतो. ओळींमधलं अंतरही तिथे वाढवता येतं, मात्रांना श्वास घ्यायला जागा मिळते.