किलोमीटर कमी झाले असतील, तर इंजिन ऑइल बदलणे पुढे ढकलावे का?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी घोडबंदर रोड ते ठाणे स्टेशन एवढीच फिरते. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असे लिहिले आहे. वर्ष उलटले, पण किलोमीटर निम्मेही झालेले नाहीत. थांबावे का?

उत्तर १: कृपया थांबू नका. कापूरबावडीच्या कोंडीत गाडी उभी असते तेव्हा मीटर सरकत नाही, इंजिन मात्र चालूच असते. शिवाय जवळच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नसल्याने त्यात मिसळलेला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, आणि ऑइल हळूहळू पातळ होऊन त्याचे वंगण कमी पडू लागते. तुमच्यासाठी वर्षाचीच अट खरी.

उत्तर २: सहमत. पुस्तिकेत अशा खडतर वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिली आहे का, तेही पाहावे. केवळ ऑइल काळे दिसते म्हणून ते निकामी ठरवू नये, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पातळी मात्र अधूनमधून तपासावी: गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पुसून पुन्हा बुडवावी, ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसले पाहिजे.

उत्तर ३: ऑइल फिल्टरही सोबतच बदलून घ्या, आणि ऑइलचा ग्रेड (दाटपणाचा प्रकार) पुस्तिकेत असेल तोच मागा.