मटणाऐवजी चिकन-अंडी: यात प्राण्यांचं भलं कुठे आहे?

माळरान:
हवामानासाठी मटण सोडा, चिकन-अंड्यांवर या, असा सल्ला सर्रास दिला जातो. शेळी रवंथ करते, मिथेन सोडते, इथवर मान्य. पण एका शेळीचं दहा-बारा किलो मटण निघतं. दोन किलोचा ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेला पक्षी) साफ केल्यावर जेमतेम १.४ किलो उरतो, म्हणजे एका शेळीच्या बदल्यात सात-आठ जीव. तेही पाच-सहा आठवड्यांत इतके फुगवलेले की पायांना वजन पेलत नाही. लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीची गत आणखी वाईट. २०२३ च्या केंद्रीय नियमांत पिंजऱ्यातल्या पक्ष्याला किमान ५५० चौ. सें.मी. जागा ठरली, ए-फोर कागद ६२४ चौ. सें.मी. भरतो! अंडी खायचीच तर पिंजऱ्याबाहेरची खा.

खाद्यहिशेब:
असहमत. अंड्याच्या कार्बनचा मोठा वाटा मका आणि सोयापेंडीत असतो. पिंजऱ्यातली लेयर दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. मोकळी फिरणारी त्याच अंड्यासाठी जास्त खाते. शिवाय डीप लिटरमध्ये, म्हणजे पिंजऱ्याऐवजी जमिनीवर तूस-भुसा पसरलेल्या शेडमध्ये, पक्षी विष्ठेवरच वावरतो, त्यामुळे कॉक्सिडिओसिसची रक्ती हगवण, अमोनिया, टोचाटोची सगळं आलं. मेलेल्या कोंबडीला मोकळीक काय कामाची?

तूस-भुसा:
हे दोष व्यवस्थापनाचे आहेत. भाताचं तूस तीन इंच पसरा, दोन-तीन दिवसांनी खालीवर करा. मुठीत दाबल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. ती बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याखाली असते. तेवढं तूस त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर अमोनियाने डोळे चुरचुरतात, पक्ष्यांचे आधी. चौरस मीटरला सातच पक्षी, पाच माद्यांमागे एक अंड्याची पेटी, बसायला दांडी पक्ष्यामागे १५ सें.मी. टोचाटोची सुरू झाली तर आधी उजेड मंद करा, मग खाद्यातलं मेथिओनिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) तपासा. चोच कापणं हा इलाज नव्हे.
आणि पिंजऱ्यातला पक्षी निरोगी कसा म्हणता? एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, त्यातलं काही हाडांतून. हालचाल नसली की हाडं आणखी ठिसूळ होतात, पकडताना मोडतात.

डाळभाकरी:
तूस कितीही कोरडं ठेवा, लेयर जातीचे नर पिल्लू असतानाच, पहिल्या दिवशी मारले जातात. मोकळ्या शेडसाठीची पिल्लंही त्याच हॅचरीतून (अंडी उबवण्याच्या केंद्रातून) येतात. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. तीस ग्रॅम तूरडाळीत जवळपास तेवढीच, वर जमिनीला नत्र. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी-बाजरी भरून काढते.

खाद्यहिशेब:
आणि बी-१२? ते डाळीत नाही, भाकरीतही नाही. अंडी बंद करून दूध वाढवलंत तर म्हशीच्या रेडकाचं काय होतं तेही याच धाग्यात मांडा. बी-१२ ची गोळी घेणार असाल तर तसं स्पष्ट लिहा. तो पर्याय मला मान्य आहे.