तानुकीला ‘बहुरूपी’ म्हणावं का?

तळटीप: ‘उची नो शिशो वा शिप्पो गा नाई’ या २०२२च्या जपानी अ‍ॅनिमेची मराठी उपशीर्षकं हौसेने करतेय. तायशो काळातलं (१९१२–२६) ओसाका. तानुकी म्हणजे जपानी लोककथांतला रूप पालटणारा प्राणी. माणसाचं रूप घेणारी तानुकी पोर मामेदा राकुगो, म्हणजे बसून गोष्ट सांगायची कला, शिकायला गुरू गाठते. मी तिला ‘बहुरूपी’ लिहिलं. आई म्हणाली, बहुरूपी पोलिसाच्या वेषात ‘लग्नाला चला’ म्हणत दारात येतो, त्याच्याकडे जादू कुठली?

जुनाजाणता: आईंचं बरोबर. बहुरूपी सोंग आणतो, देह पालटत नाही. ‘कामरूपी’ घ्या, शुद्ध शब्द आहे.

पाटीपेन्सिल: शुद्ध आहे, पण लोक हसतील! ‘इच्छाधारी’ कोणालाही कळतं.

जुनाजाणता: हिंदी सिनेमातल्या नागिणींचा शब्द तो.

पाटीपेन्सिल: नागिणी मराठी घरांतही पाहतात, काका.

टाळकरी: रूपाचं राहू द्या, राकुगोला काय म्हणणार? उशीवर बसून एकटाच सगळी पात्रं करतो. हातात पंखा नि कापडाचा तुकडा, तोच पंखा कधी चॉपस्टिक, कधी तलवार. ओसाकाकडे पुढ्यात छोटं मेजही असतं. गोष्टीआधीच्या गप्पांना ‘माकुरा’ म्हणतात, म्हणजे आपला कीर्तनातला पूर्वरंग.

जुनाजाणता: पूर्वरंगात अभंगाचं निरूपण असतं हो. गप्पा मारल्या तर बुवाला बिदागी मिळायची नाही.

टाळकरी: आमच्या गावचे बुवा निम्मा वेळ गप्पाच मारायचे, आणि बिदागी चोख.

तळटीप: राकुगो तसंच ठेवते. अडलंय ते शेवटच्या कोटीवर, ‘ओची’वर. एका जुन्या राकुगोत तानुकी उपकार फेडायला जुगाऱ्याचा फासा होते. तो ओरडून आकडा सांगतो, तोच पडतो. बाकीचे संशयाने आकडा बोलायची बंदी घालतात. त्याला हवेत पाच. पाच ठिपके उमे (जपानी प्लम) फुलासारखे, उमे हे तेंजिन देवाचं चिन्ह, म्हणून तो ‘तेंजिनसामा!’ ओरडतो. फाशावरची वाटी उचलली तर आत तेंजिनसारखा मुकुट घातलेली तानुकी! हे दोन ओळींत कसं बसवू?

पाटीपेन्सिल: ‘पंचमुखी मारुती!’ करा.

जुनाजाणता: ओसाकात मारुती? बरं, तानुकी म्हणजे उदमांजर ना?

रानवाटा: नाही, ती कुत्र्याच्या कुळातली. उदमांजर वेगळं, कोकणात कांडेचोर म्हणतात ते.

जुनाजाणता: उद म्हणजे पाणी, म्हणजे पाण्यातलं मांजर.

रानवाटा: पाण्यातलं ते पाणमांजर. हे आमच्या माळ्यावर राहायचं नि फणस खायचं.

टाळकरी: उदाचा वास येतो म्हणून उदमांजर, आजी सांगायची.

जुनाजाणता: आजीने व्युत्पत्तिकोश पाहिला होता का?