ब्लेड दाढीने नाही, गंजाने वाया जातंय

खाडीकाठचा
रत्नागिरीजवळ खाडीला लागून घर, विहिरीचं पाणी मचूळ. दाढी आठवड्यातून दोनदाच, तीही जुन्या आट्याच्या रेझरने. मे महिन्यापर्यंत एक ब्लेड सहा दाढ्या जायचं. पाऊस लागल्यापासून तिसऱ्याच दाढीला ओढायला लागतं. काल उघडून बघितलं तर मधल्या चिरेच्या कडेने नारिंगी ठिपके, एका धारेलाही दोन. वर 'स्टेनलेस' लिहिलंय! मी तर टॉवेलने पुसून न्हाणीघरातल्या कोनाड्यात ठेवतो. बायको म्हणते, एवढ्याशा पात्यासाठी केवढा विचार. तुम्ही काय करता?

भट्टीवाला
भाऊ, स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नव्हे. सगळी नोकरी पोलाद कडक करण्याच्या खात्यात केली म्हणून सांगतो. ब्लेडच्या पोलादात क्रोमियम साधारण १३ टक्के, पण धारेसाठी कार्बनही बराच, आणि थोडं क्रोमियम त्या कार्बनशीच बांधलं जातं. ताटवाटीच्या स्टीलइतका दम त्यात नसतो. वर तुमचं मचूळ पाणी. मीठ हा स्टेनलेसचा जुना वैरी.

ठिपके मधोमध का? ब्लेड दोन पत्र्यांत घट्ट दाबलेलं असतं. तिथं पाणी शिरतं, पण सुकत नाही. टॉवेल तिथवर जात नाही, आणि धारेवरून फिरवलात तर धारच जाते. ते आधी बंद करा. दाढी झाली की दांडा एक आटा सैल करून रेझर गोड्या पाण्यात खळबळायचा. पागोळीखालच्या बादलीतलंही चालेल, फुकटचं. मग दोनदा झटकायचा आणि न्हाणीघराबाहेर उभा ठेवायचा. फारच दमट असेल तर वाटीत बोटभर सर्जिकल स्पिरिट घेऊन त्यात बुडवा, पाणी त्याच्याबरोबर निघून जातं. चुलीपासून लांब मात्र!

मालवणी_दाढी
मी खोबरेलात बुडवून ठेवतो. गंज नाही, पण पुढच्या वेळी गरम पाण्याने धुतला नाही तर फेस धरत नाही.

भट्टीवाला
चालतं की. तुरटीच्या पाण्यात तेवढा बुडवू नका, ते आम्लधर्मी असतं.

खाडीकाठचा
बोंबला! मी नेमका तुरटीच्या वाटीतच खळबळत होतो.

खाडीकाठचा (अडीच आठवड्यांनी)
नवं ब्लेड, पाचवी दाढी झाली, ओढत नाही. चिरेजवळ एकच ठिपका, मोहरीएवढा. स्पिरिटची बाटली बायकोने औषधांच्या डब्यात परत नेली, त्यामुळे सध्या नुसतं पागोळीचं पाणी.