पुरुषांसाठीची नवी संततिनियमन साधने : थांबावे की नसबंदी करून घ्यावी?

खानापूरहून :
नमस्कार. आम्हाला दोन मुले आहेत आणि तिसरे नको, हे आमचे ठरलेले आहे. गोळ्यांनी पत्नीचे डोके दुखू लागले, तांबी बसवल्यावर पाळीत अंगावरून फार जाऊ लागले. यंदा भातकापणीत ती विळा बाजूला ठेवून कंबर धरून बांधावर बसली, तेव्हा यापुढची जबाबदारी आपण घ्यावी असे माझ्या मनाने घेतले. आई म्हणते, ऑपरेशन बाईनेच करायचे असते. पुरुषांसाठी इंजेक्शन येणार असल्याचे वाचले. त्यासाठी थांबावे का?

निपाणीहून, परिचारिका :
दादा, तुमचा विचार मला मनापासून आवडला. ते इंजेक्शन म्हणजे आयआयटी खरगपूरच्या प्रा. सुजॉय गुहा यांनी विकसित केलेले ‘रिसग’. यात शुक्रवाहिनीत, म्हणजे शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळीत, एक पॉलिमर (प्लास्टिकसारखा पदार्थ) सोडतात आणि त्याच्या संपर्कात आलेले शुक्राणू निकामी होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत 303 पुरुषांचा सात वर्षे पाठपुरावा झाला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गर्भधारणा टाळण्यात ते 99.02 टक्के परिणामकारक ठरले. मात्र ते अजून दवाखान्यात मिळत नाही, आणि त्याचा परिणाम हवा तेव्हा उलटवता येतो हे माणसांमध्ये सिद्ध झालेले नाही. खांद्यावर रोज चोळायचे हार्मोनचे जेल आणि वायसीटी-529 ही हार्मोनविरहित गोळी यांच्याही चाचण्याच चालू आहेत. तोवर ताईंनी त्रास काढत राहावा, हे मला पटत नाही. आज हाताशी निरोध आणि पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी आहे. देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुषांचे केवळ 0.3 टक्के, हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील आकडे वाचून मला दर वेळी वाईट वाटते.

शहापूर, बेळगावहून :
मी ही नसबंदी करून घेतली आहे. जागा बधिर करून अर्ध्या तासाच्या आत काम झाले आणि त्याच दिवशी मी घरी आलो. संमतिपत्र कन्नडमध्ये होते. ते ओळीओळीने वाचून घेतल्यावरच मी सही केली, तुम्हीही तसेच करावे. परिणाम लगेच होत नाही, तीन महिने निरोध वापरावाच लागतो आणि नंतर वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत याची खात्री करावी लागते. मला त्या तपासणीबद्दल कोणी सांगितले नव्हते, चिठ्ठी मीच मागून घेतली. नसबंदी कायमची समजूनच निर्णय घ्यावा. पौरुष किंवा ताकद यांत काहीही फरक पडत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

खानापूरहून :
आभारी आहे. भाताची पोती कधीपासून उचलता येतील?

निपाणीहून, परिचारिका :
दोन दिवस विश्रांती घ्या, आठवडाभर जड उचलू नका आणि घट्ट लंगोट वापरा. सूज वाढली किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. समुपदेशनाला ताईंनाही सोबत न्या.