दातांचा वेगळा विमा घ्यावा की तेवढे पैसे बाजूला टाकावेत?

एडिसनकर (धागा)
नवऱ्याने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, त्याबरोबर कंपनीचा डेंटल विमाही गेला. आरोग्यविमा मार्केटप्लेसवरून (अमेरिकेतल्या सरकारी विमा-बाजारातून) घेतला, पण ओबामाकेअरमध्ये, म्हणजे इथल्या आरोग्यविमा कायद्यात, फक्त मुलांचे दात 'अत्यावश्यक' धरलेत, मोठ्यांचे नाहीत. आम्हा दोघांसाठी वेगळा प्लॅन बघितला. महिना ७८ डॉलर, म्हणजे वर्षाला ९३६. क्लीनिंग पूर्ण, फिलिंग ८० टक्के, रूट कॅनल आणि क्राऊन ५० टक्के, तेही १२ महिने थांबल्यावर. माणशी वर्षाला जास्तीत जास्त १,५०० देणार. माझी खालची डावी दाढ ठणकतेय आणि डेंटिस्टने रूट कॅनल-क्राऊनचे मिळून २,६०० सांगितलेत. घ्यावा का?

डॅलसवासी
ताई, या दाढेसाठी तर नकोच. ती आज दुखतेय आणि विमा तिच्यासाठी वर्षाने जागा होणार. तोवर ९३६ भरून झालेले असतील, आणि १,३०० मिळतील तेव्हा दाढ वाचलेली असेल याची खात्री काय? विमा घ्यायच्या आधीच ती काढावी लागली, तर तिथे बसवायचा ब्रिज किंवा इम्प्लांट बऱ्याच प्लॅनमध्ये बसत नाही. हे कलम आधी वाचा.
माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. आरोग्यविम्यात आपल्या खिशातून जाणाऱ्या पैशाला मर्यादा असते. इथे मर्यादा कंपनीच्या खिशाला! दोन इम्प्लांट करायची वेळ आली तर १,५०० वर कंपनी हात वर करणार आणि पुढचं सगळं आपलं. ज्या संकटाला घाबरून विमा घ्यायचा, त्यातच तो साथ सोडतो.

शिकागोहून
हिशेब बरोबर आहे, तरी मी घ्या म्हणेन. मीही असाच हिशेब मांडून तीन वर्षं विमा घेतला नव्हता. पैसे बाजूला टाकायचे ठरवले होते, ते कधी टाकले गेले नाहीत. क्लीनिंग 'पुढच्या महिन्यात' करत राहिलो. सकाळी ब्रश गुलाबी व्हायला लागला, तरी जोरात घासल्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं. शेवटी गेलो तेव्हा हिरड्या दातांपासून सुटल्या होत्या. डीप क्लीनिंग करावं लागलं आणि एक दाढ अजून हलते. पैसे भरलेत म्हणून तरी सहा महिन्यांनी गेलो असतो.
शिवाय नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, डेंटिस्टला ठरलेलाच दर घ्यावा लागतो. फिलिंगसुद्धा त्यामुळे बरंच स्वस्त पडतं.

डॅलसवासी
तुमच्या दाढेचं वाचून वाईट वाटलं. पण दर कमी करून हवा असेल तर डिस्काउंट प्लॅन असतात, वर्षाची थोडी फी आणि वेटिंग नाही. एचएसए (आरोग्यखर्चासाठीचं बचत खातं) असेल तर दातांचा खर्च त्यातून करमुक्त पैशाने होतो.

पुणे-बोस्टन
एवढा खल कशाला? डिसेंबरात पुण्याला जाल तेव्हा करून घ्या, खर्चात खूप फरक पडतो.

शिकागोहून
पुण्याचे डॉक्टर उत्तमच आहेत, पण ठणकणारी दाढ डिसेंबरपर्यंत कशी थांबेल? दोन आठवड्यांच्या सुट्टीत क्राऊनची घाई होते, आणि परत आल्यावर चावताना उंच लागला तर दाखवायचा कुणाला?

हायजिनिस्ट, न्यू जर्सी
डेंटिस्टकडे दात साफ करायचं काम रोज करते म्हणून आधी एक विचारते. गार पाण्याची कळ दोन-चार सेकंदांत जाते, की मिनिटभर रेंगाळते? रात्री झोपेतून उठवते का? पटकन जात असेल तर साध्या फिलिंगवर भागण्याची शक्यता असते. दुसऱ्या डेंटिस्टला एक्स-रे दाखवा. रेंगाळत असेल तर थांबू नका. नेवार्कला रटगर्सच्या डेंटल स्कूलमध्ये विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी.

एडिसनकर
रेंगाळते, आणि परवा रात्री उठवलंही. उद्या सकाळी रटगर्सला फोन करते. दाढ आमच्याच पैशांनी करणार. नवऱ्याचे मात्र दोन जुने क्राऊन आहेत आणि तो स्वतःहून डेंटिस्टकडे कधीच जात नाही, शिकागोकरांचं वाचून त्याचीच आठवण झाली. त्याच्या एकट्यासाठी प्लॅन घेतेय. जुने क्राऊन बदलायला किती वर्षांची अट आहे, ते कंपनीकडून लेखी मागवलंय.